हलत्या घरासाठी कॅमेरा

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा बोटीवर राहायला आलो त्या दिवशी मी कॅमेऱ्याची बॅग उघडली आणि आधी वास आला. बंद खोलीत पडून राहिलेल्या ओल्या पायपुसण्याला येतो तसा. पावसाळाभर ती बॅग दिराच्या घरी माळ्यावर होती. त्याआधी सगळा हिवाळा-उन्हाळा बोटीवरची ओल तिनं पोटात घेतली होती आणि मग अंधारात निवांत बसली होती. लेन्स काढून मी उजेडाकडं धरली. आतल्या काचेवर पांढरी, नाजूक नक्षी पसरली होती, कोळ्यानं फुरसतीनं जाळं विणावं तशी. बुरशी होती ती. कापडानं पुसायला गेले तर हाताला लागेना, कारण ती काचेच्या आत होती.

शिरूरला मी उभं आयुष्य फोटो स्टुडिओच चालवला. पासपोर्ट, साखरपुडे, डोहाळजेवणं, बारशी. घरातल्या बायकांचे फोटो बाईनं काढलेले बरे, म्हणून गावोगावची बोलावणी माझ्याकडं यायची. एवढ्या वर्षांत बुरशी लागलेल्या लेन्स पुष्कळ पाहिल्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या. स्टुडिओ सोडताना सामान सगळं विकलं, फक्त हा एक कॅमेरा आणि ही एक लेन्स स्वतःसाठी ठेवली होती. तिचंच हे झालं.

बोट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर केरळातलं काहीतरी येतं. माझा नवरा पाबळला वेल्डिंग शिकला आणि शिक्रापूरला त्यानं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढलं. कंपन्यांना टाक्या, जिने, शेडचे सांगाडे करून द्यायचा. वर्कशॉप बंद करायच्या शेवटच्या वर्षी एका रिसॉर्टवाल्यानं त्याला तरंगती खोली बनवायला सांगितली. खाली पोकळ लोखंडी टाक्या, वर पत्र्याची खोली, पुढं चार खुर्च्या मावतील एवढा कट्टा. बोट तयार झाली आणि रिसॉर्टवाल्याचा बेत बारगळला. दुसरा कुणी असता तर भंगारात घातली असती. यानं ती ट्रेलरवर चढवली आणि आपल्या गावाला आणून भीमेत सोडली. गाव दौंड तालुक्यात, पलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा. खालच्या अंगाला बंधारा असल्यामुळं पाणी टिकतं. "आठ दिवस राहून बघू," म्हणाला होता. तेव्हापासून पुराचे दिवस सोडले तर आमचं बिऱ्हाड पाण्यावरच आहे.

मला बोट आवडत नाही असं नाही. पण तिच्यावर राहायला आल्यावर मला करण्यासारखं एकच काम सुचलं होतं आणि तेच होईना. समोरच्या बाभळीवर कवड्या खंड्या येऊन बसतो. काळा-पांढरा, मुठीएवढा जीव. तो पाण्यावर येतो, एका जागी फडफडत राहतो, मान खाली घालून बघतो आणि मग दगड सोडल्यासारखा सरळ खाली. सूर मारण्याआधी त्याचे पंख मागं जातात, तेवढा एक फोटो मला हवा होता. माणसांचे फोटो पुरे झाले होते. "मान जरा डावीकडं, हनुवटी खाली" हे आता आयुष्यात पुन्हा म्हणायचं नाही असं मी ठरवून आले होते.

पुण्यात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडं गेले. त्यानं लेन्स पाहिली, कॅमेरा कानाशी धरून दोनदा शटर मारलं आणि विचारलं, "मॅडम, ठेवता कुठं हे?"

"बोटीवर."

"गोव्याला असता?"

"दौंड तालुक्यात."

त्यानं चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "लेन्स साफ करून देईन, पण बुरशी परत येणार. आणि बॉडीचं शटर गेलंय. ह्याचे पार्ट आता येत नाहीत. नवीन घ्या आणि घरात ठेवा."

"घरच पाण्यावर आहे."

"मग घर बदला," तो म्हणाला. चेष्टा म्हणून नाही. अगदी मनापासून.

दुकानांत फिरले तर तिथं वेगळीच तऱ्हा. कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न, काय काढणार. पक्षी म्हटलं की सगळ्या पोरांची तोंडं एकदम एका दिशेला वळतात.

"पक्षी म्हंजे सहाशे एमएमची लांब लेन्स, मॅडम. आणि ट्रायपॉड. ट्रायपॉडशिवाय होणारच नाही."

"पण मी बोटीवर राहते. बोट हलते."

"ट्रायपॉड नाही हलत."

"ट्रायपॉड बोटीवरच असणार ना."

त्यानं थोडा विचार केला. "चांगल्या कंपनीचा घ्या. मग नाही हलणार."

मी आयुष्यभर लोकांना फोटोतलं कळत नाही म्हणून समजावत आले. आता समजावून घ्यायची पाळी आली तर समजावणाऱ्यालाच बोट म्हणजे काय ते कळेना. शेवटी मी ती लांब लेन्स, तिला बसणारा कॅमेरा आणि ट्रायपॉड असं सगळंच थोड्या दिवसांसाठी भाड्यानं घेतलं. आधी वापरून बघू, मग ठरवू. यवतला एसटीतून उतरले तेव्हा ती बॅग खांद्यावरून काढायला नवऱ्याला हात द्यावा लागला. "यात काय, गॅसची टाकी आणलीस काय?" त्यानं विचारलं आणि मोटारसायकलच्या टाकीवर ती ठेवून आम्ही नदीवर आलो.

पहिल्या सकाळी मी कट्ट्यावर ट्रायपॉड उघडला. पाणी शांत होतं. खंड्या बाभळीवर होता. मी डोळा लावला तर खंड्या खाली, मग वर, मग फ्रेमच्या बाहेर. एवढ्या लांबच्या लेन्समधून पाहताना बोटीचं जरासं डुलणंसुद्धा झोपाळ्यासारखं दिसतं. उघड्या डोळ्यांना काही हलत नव्हतं. लेन्समधून सगळी नदी हेलकावत होती. पुढच्या काही दिवसांत मी पुष्कळ फोटो काढले. त्यातल्या बऱ्याच फोटोंत बाभळीच्या फांद्या फार छान आल्या होत्या.

नवऱ्याला मात्र या सगळ्यात एकदम जोम आला. वर्कशॉप बंद झाल्यापासून त्याचे हात शिवशिवत असतात. "ट्रायपॉड पत्र्यावर नुसता टेकलाय, म्हणून हलतो," म्हणाला. "मी स्टँडच वेल्ड करून टाकतो. बोटीचं आणि कॅमेऱ्याचं एकच अंग झालं पाहिजे." दिराच्या शेतातून वीज ओढून त्यानं दुपारभर खटाटोप केला आणि कट्ट्याच्या लोखंडाला एक जाड पाइप कायमचा उभा केला. वर कॅमेरा बसवायला खाच. काम देखणं होतं, हे कबूल करते.

पण आता बोटीचं आणि कॅमेऱ्याचं खरोखरच एक अंग झालं होतं. तो आत चहा ठेवायला उठला की इकडं लेन्स थरथरायची. त्यानं पातेलं ठेवलं तरी मला कळायचं.

"अहो, जरा एका जागी बसाल का?"

"बसलोय की."

"मगाशी उठला होतात."

"घरात माणसानं हलायचं पण नाही?"

"खंड्या गेल्यावर हला."

"तो गेल्यावर मग मी हलून काय करू?" असं म्हणून तो बाहेर आला, म्हणजे पुन्हा सगळं हललं, आणि खंड्या उडाला. त्या दिवशी आम्ही जेवताना एकमेकांशी बोललो नाही. बोटीवर भांडणाचं एक दुःख असतं. रागावून जायला दुसरी खोली नसते.

दोन दिवसांनी त्यानं दौंडहून जुन्या स्कूटरचे शॉकअप आणले आणि ते पाइपात बसवले. म्हणजे धक्का लागला तरी तो खालच्या खाली जिरेल. झालं उलटंच. आधी तो चालला की कॅमेरा हलायचा, आता तो थांबल्यावरही कॅमेरा डुलत राहायचा. मी नुसतं बघत बसले. त्यानंही थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "कॅमेराच हलका घे मग."

हे मला आधीच कळलं होतं. कळून घ्यायला भाडं भरलं होतं.

हातात धरून काढायचं तर मनगट दुखून यायचं. बॅटरी भरायची तर छतावरच्या सोलरवर आधी पाण्याची मोटर, मग दिवे, मग मोबाइल आणि उरलं तर कॅमेरा. काठावरून जाणारा एक मोटारसायकलवाला ती लेन्स पाहून थांबला आणि ओरडून विचारू लागला, "कुठल्या चॅनेलच्या तुमी?" मी खंड्याकडं बोट दाखवलं. त्याला पटलं नाही. तो बराच वेळ तिथंच उभा राहून आमच्याकडं बघत राहिला.

याच दिवसांत ती आली.

आमच्यापासून वरच्या अंगाला काठावर एक नवरा-बायको राहायचे. मासेमारी करायचे. ती चाळिशीच्या आतबाहेरची, तोंडाळ आणि हसरी. तो अगदी कमी बोलणारा, हो म्हणायचं असलं तरी मानच हलवणारा. त्यांची फायबरची छोटी होडी होती आणि तिला हिनं स्वतः हिरवा रंग दिलेला होता. सकाळी जाळी काढून चिलापी आणि कधी मरळ विकायला जायची, येताना आमच्या बोटीला होडी लावायची. माझ्या हातचा चहा तिला गोड लागायचा नाही. "साखर मोजून टाकता व्हय?" म्हणायची.

त्या दुपारी ती एकटी आली नाही, नवऱ्याला घेऊन आली. अंगावर धुतलेलं लुगडं नव्हे, चक्क नवी साडी होती आणि त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट.

"ताई, आमचा बी एक काढा की," ती म्हणाली. "होडीत बसलेला. दोघांचा."

मला मनातून नकोच होतं. पण इतकं नीटनेटकं होऊन आलेल्या माणसांना नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, "मोबाइलवर काढून देऊ का? छान येतात आता."

"मोबाइलवरचं लई हायेत," ती म्हणाली. "पन मोठं केलं की फाटत्यात. माझ्या सासऱ्याचा मोबाइलवरचा फोटू दौंडला नेऊन मोठा केला, तर नुस्तं ठोकळं ठोकळं. डोळं कुठलं आन् मिशी कुठली कळंना. मला भिंतीवर लावायचा हाय. तुमी शिरूरला काढायच्या तसला."

भाड्याचा कॅमेरा हाताशी होता. मी लेन्स त्यांच्याकडं वळवली. होडी आमच्या बोटीला अगदी लागून होती. ती सहाशेची लेन्स नऊ-दहा फुटांच्या आतलं काही बघतच नाही. मी मागं सरकत सरकत खोलीत गेले, पार मागच्या भिंतीला टेकले, तेव्हा कुठं नजर ठरली. आणि दिसलं काय? तिच्या नाकातली चमकी. फक्त चमकी आणि थोडा गाल.

"जरा लांब जा," मी म्हटलं.

त्यानं वल्हं मारलं. "अजून." अजून मारलं. दोघंही फ्रेममध्ये बसेपर्यंत ते नदीच्या मध्यावर गेले होते आणि मला घसा फोडून ओरडावं लागत होतं. "इकडं बघा!" ती "काय?" म्हणायची. तो तिला काहीतरी सांगायचा. ती त्याच्याकडं वळायची. मी म्हणायची हसा, तर ती पदर सारखा करायची. वारं सुटलं होतं, माझी बोट एकीकडं डुलत होती, त्यांची होडी दुसरीकडं. त्यात दुपारचं ऊन पाण्यावरून वर येत होतं आणि त्या वाफेतून लांबचं सगळं थरथरल्यासारखं दिसत होतं, तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतं तसं. मी सारखं बटण दाबत राहिले. त्यातून एखादा तरी निघेल म्हणून.

ते परत आले. मी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवले. ती एकेक नीट बघत गेली. चेहरे विरघळल्यासारखे आले होते.

"ताई, ही कोन?" तिनं विचारलं.

"तूच की गं."

"न्हाई," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, पण माझंच मन राखायला ती हसली. "जवळून न्हाई का हो निगत? तुमी बोलत बोलत काढायच्या. मी बघितलंय, माझ्या जावंच्या डोहाळजेवणात आलता तुमी."

"या लेन्सनं नाही निघत. ही पक्ष्यांची आहे. मी दुसरा कॅमेरा घेतेय. आला की पहिला तुमचा काढते."

"सावकाश घ्या," ती म्हणाली. "आमी कुठं जातोय?"

भाड्याचं सामान परत केलं आणि मी हट्टाला पेटले. आता असा कॅमेरा हवा होता जो हातात मावेल, जवळचं बघेल, लांबचंही बघेल, ओल सहन करेल आणि सोलरवर भरेल. सांगायला सोपं होतं. स्टुडिओच्या जुन्या ओळखीतल्या एकानं लेन्स न बदलता येणारा, लांबवर झूम होणारा कॅमेरा वापरायला दिला. तो हलका होता, सोयीचा होता, पण त्याच्या आतल्या छोट्या पडद्यावर समोरचं दृश्य पोचायला क्षणभर उशीर व्हायचा. मला खंड्या हवेत दिसायचा तेव्हा तो पाण्यातून मासा घेऊन बाहेर आलेला असायचा. एका दुकानदारानं पाण्यात पडला तरी चालणारा छोटा कॅमेरा दाखवला. पाण्यात पडला तर चालतो, हे खरं असेल, पण त्याच्यातून काढलेला चेहरा मोठा केला की पुन्हा तेच ठोकळे. मी तो काउंटरवर परत ठेवला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, एका कॅमेऱ्यात सगळं मिळत नाही. कशावर तरी पाणी सोडावं लागतं." मी म्हटलं, पाण्याचं नाव काढू नका.

अखेर ठरवलं. आरसा नसलेला नवीन पद्धतीचा लहान कॅमेरा आणि मध्यम लांबीची लेन्स. दुकानात तो शिल्लक नव्हता म्हणून ऑनलाइन मागवला. पत्त्यात काय लिहायचं इथपासून सुरुवात. दिराचं घर लिहिलं तरी पार्सलवाला गावात येऊन फोन करायचा, "लोकेशन नदीत दाखवतंय, मॅडम," आणि मी पोचेपर्यंत निघून जायचा. दोनदा असं झाल्यावर मी यवतच्या एका ओळखीच्या मेडिकलचा पत्ता दिला. पार्सल आलं. बोटीवर आणून उघडलं. कॅमेरा बरोबर होता. लेन्स दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याला बसणारी होती.

मी ती लेन्स हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून बघत होते, जणू कुठल्यातरी बाजूनं ती बसेलच. नवरा म्हणाला, "आण इकडं, मी बसवतो." त्याच्या हातात कानस होती. मी लेन्स पोटाशी धरली.

ती परत पाठवायची, पैसे परत यायचे, मग पुन्हा मागवायची. फोनवर एक पोरगी गोड आवाजात हिंदीतून सांगत होती की माझी गैरसोय झाल्याबद्दल त्यांना खेद आहे. मी विचारलं, खेद राहू दे, लेन्स कधी? ती पुन्हा खेदावर आली. नवऱ्यानं तेवढ्यात खोलीला नवीन खिडकी पाडली, तिला काच बसवली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढ्यात दुसरी बोट झाली असती."

मधल्या काळात ती मासे घेऊन यायची. "आला का कॅमेरा?" विचारायची. मी काय झालं ते सांगायची आणि ती मन लावून ऐकायची, एखाद्या घरातल्या लग्न न जमणाऱ्या मुलीची हकिकत ऐकावी तशी. एकदा म्हणाली, "ती नवी साडी तशीच घडी घालून ठिवलीया. नेसतच न्हाई, चुरगाळंल म्हणून."

आणि मग केंदाळ आलं. जलपर्णी म्हणतात ती. दरवर्षी थोडी येते, त्या वर्षी वरून जणू सोडूनच दिली कुणीतरी. आधी हिरव्या गोधड्या तरंगत आल्या, मग त्या एकमेकींना चिकटल्या आणि बघता बघता पाणी दिसेनासं झालं. बोट गवतात उभी असल्यासारखी दिसू लागली. पाण्याला शहराच्या गटाराचा वास सुटला, डास झाले. होडीचं वल्हं त्यात चालेना, जाळं टाकलं तर ते केंदाळावर नुसतं पसरायचं. मेलेले मासे काठाला लागायला लागले. खंड्या कुठं गेला कुणास ठाऊक. त्याला खाली बघायला पाणीच नव्हतं.

लेन्स आली त्या दिवशी मी यवतहून थेट काठाकाठानं त्यांच्या झोपडीकडं गेले. म्हटलं केंदाळ तर केंदाळ, होडी काठावर ओढून घेऊ, त्यात बसवू दोघांना. मागं थोडं तरी पाणी दिसेल अशी जागा शोधू. झोपडीवरचा ताडपत्रीचा कागद काढलेला होता. चुलीचे तीन दगड होते. होडी नव्हती.

शेजारच्या मळ्यातल्या एका आबांनी सांगितलं, "ती गेली की शिक्रापूरला. होडी इकून टाकली. हितं काय ऱ्हायलंय आता? कंपनीत लागत्यात म्हणं दोघं बी."

"कधी गेली?"

"झालं की आठ-दहा दिस. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

नव्हतं सांगितलं. किंवा सांगायला आली असेल तेव्हा मी पुण्यात कुठल्यातरी दुकानात उभी असेन. मी बॅग खांद्याला लावून तशीच परत आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "होडी कुणी घेतली ते विचारलंस का?" मी नाही विचारलं, असं म्हटलं आणि माझा आवाज चढला. मी त्या लेन्सवर, त्या गोड आवाजाच्या पोरीवर, सोलरवर, बोटीवर, सगळ्यावर एकदमच तोंड टाकलं. त्यानं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तो काठीनं बोटीभोवतीचं केंदाळ ढकलत होता आणि ढकललेलं पुन्हा तिथंच येत होतं.

उन्हाळ्यात मी त्यांना शोधून काढलं. नवऱ्याच्या वर्कशॉपातला जुना कामगार शिक्रापूरला राहतो, त्यानं पत्ता लावून दिला. हायवेपासून आत, लांबच लांब पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. एकेका खोलीत कंपनीत जाणारी चार-चार पोरं, बाहेर दोरीवर एकसारखे निळे शर्ट. ओळीच्या टोकाच्या खोलीत ती होती. मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला आणि मग घाईघाईनं खाटेवरचं सामान हलवायला लागली.

ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांड्यांना होती. नवरा दुसरीकडं माल चढवायला. तो पाळीवर गेला होता.

"होडी?" मी विचारलं.

"दिली उजनीकडं. तिकडं अजून चालतंय म्हणं." तिनं चहा ठेवला. साखर मुठीनं टाकली. "पैशे आलं, त्याच्यातनं हितलं डिपॉझिट भरलं."

मी बॅगेतून कॅमेरा काढला. "आला बघ."

तिनं तो हातात घेऊन पाहिला. "एवढासाच? आन् ह्याच्यासाठी एवढा येळ लागला?"

"हो."

"चांगला हाय."

"तुमचा दोघांचा काढू. तुझा नवरा आला की. ती साडी आहे ना?"

तिनं गॅस बारीक केला. "इथं नको, ताई," ती म्हणाली. "पत्र्याम्होरं काढून काय करू? तसला तर कवाबी निगतो."

"मग आमच्या बोटीवर या एकदा. सुट्टी बघून. पाणी सुटलंय आता, केंदाळ गेलंय."

"त्यो लोखंडाचा डबा तुमचा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "त्येच्यात बसून मी काय वल्हं मारणार हाय का?"

मी चहा प्याले. मग तिनंच विचारलं, "पासपोर्ट निगल का ह्याच्यात? गेटपासला पायजे. चौकातल्या दुकानात काढला तर डोळं मिटल्यालं आलं, मुकादम म्हणला चालत न्हाई."

तिनं शेजारणीकडून पांढरी चादर मागून आणली. दाराच्या उजेडाला ती भिंतीवर ठोकली. मी तिला स्टुलावर बसवलं. खोली एवढी अरुंद की माझी पाठ समोरच्या पत्र्याला लागली होती, पण ही लेन्स तेवढ्यात बघत होती. "मान जरा डावीकडं," मी म्हटलं. "हनुवटी खाली. खांदे सैल सोड." ती बसली होती ती एकदम ताठ, श्वास धरून. मी तिला विचारलं की कँटीनमध्ये रोज काय शिजवतात. ती म्हणाली, रोज तीच मटकी, नुस्तं पाणी, मासळीचं नाव न्हाई, आन् वर म्हणत्यात मावशी वाढा अजून. बोलता बोलता तिचे डोळे नीट उघडले. मी बटण दाबलं.

फोटो चांगला आला. डोळे स्वच्छ, केसांची एकेक बट वेगळी. तिनं तो पाहिला आणि मान हलवली, तिचा नवरा हलवतो तशी. मी चौकातल्या दुकानात जाऊन प्रिंट काढून आणल्या. तिनं त्यातली एक गेटपासच्या निळ्या कार्डाच्या मापाला धरून पाहिली, बाकीच्या डब्यात ठेवल्या.

परतीच्या गाडीसाठी मला हायवे ओलांडायचा होता. ती सोडायला आली. कंटेनर एकामागून एक येत होते, मधून टेम्पो, मधून पाण्याचे टँकर. मी कडेला उभी राहून फट शोधत होते. एक पाऊल टाकायची, हॉर्न वाजला की मागं घ्यायची. नदीवर राहून मला रस्त्याची सवयच गेली होती.

तिनं माझं मनगट धरलं, दुसरा हात सरळ वर केला आणि चालायला लागली. एक ट्रक करकचून थांबला. "मधी थांबू नका, ताई," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "थांबलं की ते जास्तच येत्यात. चालत ऱ्हावा."

पलीकडं पोचल्यावर तिनं हात सोडला. तिची कँटीनमधली पाळी सुरू व्हायची होती. मी बसथांब्यावर टेकेपर्यंत ती पुन्हा रस्त्यात उतरली होती.